चुका परत घालून द्या

माझ्या बायकोचे मामा जगातल्या बहुतेक माणसांना तुच्छ समजतात. तसं म्हटलं तर तुच्छ समजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि फावल्या वेळात तो उद्योग मी स्वतःही करतो. पण तुम्ही-आम्ही माणसाचा पगार बघतो, बोलणं बघतो, फार तर चपला बघतो. मामा कोपर बघतात. कोपरावरची लोकर झिजलेली दिसली की तो माणूस टेबलावर रेलून दिवस काढणारा, म्हणजे आळशी. पाठीवर झिजलेली असेल तर खुर्चीत झोपणारा. खिशाच्या कडा ओघळलेल्या असतील तर हात खिशात घालून दुसऱ्याचं काम बघत उभा राहणारा. आणि कुठेच काही झिजलेलं नसेल तर घरात दुसरा स्वेटर असणारा, म्हणजे सगळ्यांत वाईट.

मामांचा धंदा विणलेल्या कपड्यांची भोकं हाताने बुजवायचा. स्वेटर, मोजे, टोप्या, मफलर, जे जे सुयांवर विणलं जातं आणि पुढे माणसाच्या हलगर्जीपणाने फाटतं, ते त्यांच्याकडे येतं. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याने पाय पसरून झाल्यावर उरलेली जागा. एका टोकाला माणूस उभा राहू शकतो, दुसऱ्या टोकाला नुसता बसू शकतो आणि मधे त्याचं डोकं आपटतं. मामा बसायच्या टोकाला असतात. त्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्यापर्यंत पोचतं ते कमरेत वाकून आणि कपाळ चोळत. गेली कित्येक वर्षं मामी सांगतेय की त्या पायरीवर एखादी पाटी लावा, ‘डोकं सांभाळा’ म्हणून. मामा म्हणतात, “सांभाळायला आधी असावं लागतं.”

त्यांना सगळा भाग ‘बारीकराव’ म्हणतो. अंगाने नव्हे. अंगाने ते असे आहेत की बसल्यावर खालचं स्टूल दिसत नाही आणि उठल्यावर आश्चर्य वाटतं की ते अजून आहे. पण काहीही दाखवलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “जरा बारीक बघा.” गिऱ्हाइकाने बारीक बघून काही उपयोग नसतो, कारण बघायचं ते त्यांनीच आधी बघितलेलं असतं. वाक्य नुसतं आपण किती जाडे आहोत हे आपल्याला कळावं म्हणून असतं.

एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ आले. कपाळ आपटून झालं. स्वेटर पुढे केला.

“कशाने झालं?” मामांनी विचारलं.

“खिळ्याला अडकला हो.”

“खिळा कुठला?”

“आमच्या दाराचा.”

“नवीन ठोकलाय?”

“छे, घर घेतलं तेव्हापासून आहे.”

“मग तो त्याच्या जागेवर होता,” मामा म्हणाले. “अडकलात तुम्ही.”

गृहस्थ स्वेटर ठेवून गेले. मामांनी तो उलटा करून मला दाखवला. “बघा जावईबापू, धुताना पिळलाय. पिळलाय! घरात ह्याच्या बायकोशी कसं वागत असेल.” मामा मला जावईबापू म्हणतात. त्यात ‘जावई’ मानाचा असतो आणि ‘बापू’ ते अशा आवाजात म्हणतात की मान जागच्या जागी परत जातो.

सबंध जीवसृष्टीत त्यांना आदर आहे तो एका कसरीबद्दल. लोकरीला लागणारा तो इवलासा किडा. “कसरीला कळतं,” ते म्हणतात. “अस्सल लोकर असेल तरच तोंड लावते. नायलॉनला विचारत नाही. नायलॉनसाठी माणसं रांगेत उभी राहतात.” एखाद्या बाई ‘अगं बाई, कसर लागली’ म्हणत रडवेल्या तोंडाने आल्या, तर मामा त्यांचं अभिनंदन करतात.

आणि सगळ्यात जास्त तिटकारा कापड रफू करणाऱ्यांचा. “कापडात धागे आडवे-उभे असतात. चार तुटले तर बाकीचे आपापल्या जागी उभे. शेजारी मेला तरी दार न उघडणारी जात. तिथे काय, खड्डा बुजवायचा. विणलेल्याचं तसं नाही. सगळा एक धागा. एक टाका निसटला की त्याच्या खालचा सुटतो, मग त्याच्या खालचा. पार कमरेपर्यंत शिडी पडते. इथे डोकं लागतं.” असं म्हणताना ते स्वतःच्या डोक्याकडे बोट करतात. कुणाला शंका राहू नये म्हणून.

आता मला एक गोष्ट लिहावी लागणार आहे आणि ती लिहिताना मला चांगलाच त्रास होतो. त्यांचा हात खरोखरच अद्भुत आहे. भोकाच्या कडेचे कुजके धागे ते काढतात, उघडे पडलेले टाके एकेक करून बारीक सुईवर धरतात, मधल्या रिकाम्या जागेत आडवे धागे ताणतात आणि त्यांच्यावरून खालून वर एकेक टाका चढवत नेतात. धागा बाहेरून आणत नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे थोडी लोकर जास्तीची असते तिथून, ओढून काढतात. म्हणजे रंग तोच, वय तेच, धुण्याचे धक्के तेच. काम झालं की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. इतका हात चांगला असलेल्या माणसाने थोडं नम्र असायला काही हरकत नव्हती. पण निसर्गाने दोन्ही एकाच घरात दिलं तर बाकीच्यांनी हसायचं कुणाला?

त्यांची खोड एकच. भोकापाशी त्यांना थांबता येत नाही.

भोक बुजवता बुजवता त्यांची नजर शेजारी जाते. शेजारी कुठे कुणाच्या तरी आईने, मावशीने, आत्याने गप्पा मारता मारता एक टाका उलट घ्यायचा तो सुलट घेतलेला असतो. झालं. मामांना ते बघवत नाही. जेवताना समोरच्याच्या मिशीला शीत लागलेलं असावं तसं त्यांचं होतं. ते तेवढंच उसवतात आणि नीट करतात. मग त्याच्या वरची ओळ. मग गळा. माझ्या मफलरला एक भोक होतं. मफलर माझ्या बायकोने साखरपुड्यानंतर विणला होता. तो परत आला तेव्हा भोक नव्हतं आणि बायकोने विणलेलंही फारसं काही उरलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलं नाही. आजपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण अंगावरचा स्वेटर बघतो कोण? आपण घालतो आणि दुसऱ्याचा बघतो. त्यामुळे मामांना वाटत राहिलं की जग त्यांचं ऋणी आहे.

लक्षात आलं होतं ते एकट्या मामीच्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने मामांसाठी एक बिनबाह्यांचा स्वेटर विणला. मामांनी तो हातात घेतला, “छान आहे” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तो सबंध सुधारून अंगात घातला. मामीने सुया उचलल्या आणि खिडकीतल्या कुंडीत रोवल्या, वेल चढवायला. तेव्हापासून ती निवडुंग वाढवते. घरभर निवडुंग आहेत. “ह्यांना हात लावून सुधारता येत नाही,” ती म्हणते, “म्हणून आवडतात.”

ह्या दोघांची एकुलती एक मुलगी गुंडी. लहानपणी लोकरीच्या गुंड्यासारखी घरभर लोळायची म्हणून गुंडी, आता चांगली मोठी झाली आहे. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. बापाला नको तेवढं दिसतं आणि मुलगी दिवसभर लोकांना विचारते, “आता दिसतंय का?” तिच्यासाठी आलेली स्थळं मामांनी कोपरांवरून परत पाठवली. एकाचा स्वेटर यंत्रावरचा. एकाने बाही वर सरकवली ती दंडावर ताणून, लवचिकपणाची कदर नाही. एका बिचाऱ्याने तर स्वेटरच घातला नव्हता. “काहीतरी लपवतोय,” मामा म्हणाले.

शेवटी गुंडीने स्वतःच एक माणूस पसंत केला. लिफ्ट दुरुस्त करणारा. तो एकदा तिच्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला आला, गुंडी आत अडकली होती, पुढचं काय सांगायचं. अतिशय शांत मुलगा. लिफ्टमधली माणसं ओरडत असताना शांत राहायची सवय, त्यामुळे मामा त्याला आवडले. मामांनी त्याचं कोपर पाहिलं, मान हलवली आणि त्यांच्या तोंडून कधी नव्हे ते शब्द निघाले, “चालेल. वापरणारा आहे.” मामीने त्या दिवशी निवडुंगांना पाणी जास्त घातलं. दोन मेले.

मुलाला वडील नव्हते. आई होती. मुलांच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, ठसठशीत आवाजाच्या बाई. त्या पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा पिशवीतून एक तपकिरी स्वेटर काढून त्यांनी मामांपुढे ठेवला.

“तुमचं फार नाव ऐकलंय,” त्या म्हणाल्या. “हा ह्यांचा. म्हणजे आमच्या ह्यांचा. लग्न झाल्यावर मीच विणला होता, तेव्हा मला विणता येत नव्हतं. ह्यांनी जन्मभर घातला. लग्नाच्या दिवशी मुलाने घालावा असं मनात आहे. पण कोपरापाशी कसर लागलीय. एवढं एक भोक बुजवून द्याल?”

बाई जितक्या साधेपणाने बोलल्या तितक्याच साधेपणाने मामांनी स्वेटर घेतला. पण मी त्यांचे डोळे पाहिले. भुकेल्या माणसापुढे भरलेलं ताट ठेवावं तसे ते झाले होते. कारण त्या स्वेटरला भोक एकच होतं, पण चुका सगळीकडे होत्या. छातीवर दोन वेण्या विणलेल्या होत्या आणि त्यातली एक मधेच उलट्या बाजूला वळली होती. डावी बाही उजवीपेक्षा चांगली लांब होती. पाठीवर एक निसटलेला टाका चक्क हिरव्या दोऱ्याने पकडून बांधून टाकला होता. गळा असा की डोकं आत जावं म्हणून नवस बोलावा.

“मामा,” बाई गेल्यावर मी म्हणालो, “भोक एकच हं.”

“मला शिकवू नका जावईबापू.”

“तसं नव्हे. त्या म्हणाल्या, एवढं एक—”

“त्या नर्स आहेत. त्यांना काय कळतंय?”

त्यानंतर मामांनी बाकी सगळी कामं बाजूला टाकली. मोज्यांचे ढीग साठले. गिऱ्हाइकं कपाळ आपटून परत जाऊ लागली. मामा गुणगुणत होते. मामीने मला हळूच सांगितलं, “ते गुणगुणतायत म्हणजे कुणाचं तरी वाटोळं होतंय.”

लग्नाची तारीख ठरवायला बाई आणि मुलगा घरी आले. आम्हीही होतो. मामांनी स्वेटर टेबलावर पसरला, बाह्या दोन्ही बाजूंना सारख्या ठेवल्या आणि हात पाठीमागे बांधून बाजूला उभे राहिले. नव्या पुतळ्यावरचा पडदा काढल्यानंतर पाहुणे उभे राहतात तसे.

“शोधा,” ते म्हणाले.

बाईंनी कोपर पाहिलं. भोक नव्हतं. त्यांनी हसून मान हलवली. मग त्यांचा हात सवयीने डाव्या बाहीच्या टोकाकडे गेला आणि ते टोक दुमडायला लागला. दुमडायला काही नव्हतं. त्यांनी पुन्हा दुमडलं. मग स्वेटर उचलला, छातीवर बोट फिरवलं, उलटा करून पाठ पाहिली.

“हा त्यांचा नाही,” बाई म्हणाल्या.

मामांचा चेहरा उजळला. “बघा! ओळखूसुद्धा येत नाही!”

मामीने डोळे मिटले.

“इथे एक वेणी उलटी होती,” बाई म्हणाल्या.

“होती ना! सरळ केली.”

“बाही लांब होती.”

“पुष्कळ! कापली नाही हं. उसवून परत घेतली, अगदी मुळापासून.”

“पाठीवर हिरवा दोरा होता.”

“अहो, काय तो दोरा! तपकिरीला हिरवा!” मामा आता अगदी खुलले. “तुम्हाला म्हणून सांगतो, असं गचाळ काम मी हयातीत पाहिलं नव्हतं. पण आता बघा. आता कुणाला सांगितलं की हे तुम्ही विणलंय, तर खरं वाटणार नाही.”

बाईंनी स्वेटर घडी घालून टेबलावर ठेवला. पिशवीत ठेवला नाही. “त्या बाहीच्या घडीत ते बसचं तिकीट ठेवायचे,” त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, “खिसे असून.” मग त्या उठल्या. “चल रे.” मुलगा उठला. तो गुंडीकडे बघत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बटण कुठलं दाबावं कळत नव्हतं. दारात बाई वळल्या.

“तुम्हाला एक भोक दिलं होतं बुजवायला,” त्या मामांना म्हणाल्या.

ते गेल्यावर मामांनी टेबलावरच्या स्वेटरची घडी नीट केली. “काही लोकांना,” ते म्हणाले, “चांगलं काम सोसत नाही.”

ह्या वाक्यावर मामीने उठून सगळ्यांत मोठा निवडुंग त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर ठेवला.

गुंडी बापाची मुलगी आहे, पण रडणं-ओरडणं तिच्यात नाही, त्या बाबतीत ती आईवर गेली आहे. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. माझा पाय मोडल्याचं निमित्त सांगून मी तिथे आधीच बसलो होतो. (पाय मोडला नव्हता. तमाशा चुकवायचा नव्हता.)

“बाबा, त्या काय म्हणाल्या सांगू?”

“सांग की. विणकामाबद्दल असेल तर सांगू नकोस.”

“त्या म्हणाल्या, ज्या माणसाच्या हातात दिलेला स्वेटर आहे तसा परत येत नाही, त्याच्या घरात मी माझा मुलगा कसा देऊ? लग्न झालं की हा माणूस माझ्या मुलाला उसवायला बसेल.”

“मी त्याला पसंत केलंय!”

“तुम्ही कोपर पसंत केलंय.”

मामांनी सुई खाली ठेवली. “मग काय करू? आता झालं ते झालं.”

“चुका परत घालून द्या,” गुंडी म्हणाली.

मामांना वाटलं, ती थट्टा करतेय. तिच्याकडे बघून मग त्यांना कळलं की ही थट्टा नाही. “मला हेच लग्न करायचंय बाबा,” ती म्हणाली. “दुसरं नाही. आणि तुमच्या एका सुधारणेपायी ते मोडलं तर मी घरी येऊन मोजे विणत बसेन. वाईट.”

मामा कामाला बसले. मला वाटलं, सोपं आहे. जन्मभर नीट करणाऱ्याला बिघडवायला किती वेळ? पण इथे ह्या थोर माणसाची खरी लायकी उघडी पडली. त्यांना चूक करता येत नव्हती. डावी बाही त्यांनी लांब केली, तर ती अशी देखणी लांब झाली की वाटावं, मुद्दाम काढलेली फॅशन आहे. वेणी उलटी वळवली, तर ती इतकी घट्ट आणि डौलदार उलटी वळली की उजवीकडची सुलटी बिचारी चुकलेली वाटायला लागली. हिरव्या दोऱ्याचा टाका त्यांनी चक्क गोल घातला आणि बाजूला बारीकशी पाकळी काढली. एखाद्या गवयाला बेसूर गा म्हणावं आणि त्याने बेसूरही तालात गावं, तसलं.

मामीने ते उजेडात धरून पाहिलं. “ही चूक नाही,” ती म्हणाली. “हा टोमणा आहे.”

“मग तूच घाल!”

“मी का घालू? माझ्या चुका मी एकदा घातल्या होत्या. त्या तुम्ही काढल्यात.”

इतकी वर्षं मामांना वाटत होतं की मामीला विणायचा कंटाळा आला असेल. असा हा बारीक बघणारा माणूस.

शेवटी गुंडीने तो टोमणा घेऊन बाईंचं घर गाठलं. आणि दोन दिवसांनी बाई स्वतः दुकानात आल्या. ठेंगण्या असल्यामुळे त्यांचं डोकं जिन्याला आपटलं नाही. हे पाहूनच मामा थोडे खचले. बाई समोरच्या स्टुलावर बसल्या, पिशवीतून सुया काढल्या, स्वेटर मांडीवर घेतला.

“चुका माझ्या होत्या,” त्या म्हणाल्या. “त्या मीच परत घालते. इथेच, तुमच्यासमोर. तुम्ही फक्त बसायचं. तोंड उघडायचं नाही, हात लावायचा नाही. एवढं तुम्हाला जमलं तर मी समजेन की माझ्या मुलाच्या घरातही तुम्हाला गप्प बसता येईल. मग तारीख ठरवू. नाही जमलं तर राम राम.”

गुंडी दाराशी उभी होती, मामी तिच्या मागे. मी कुबडीशिवाय लंगडत एका कोपऱ्यात. मामांनी मान हलवली. दोन्ही हात मांडीखाली दाबून ते स्टुलावर बसले.

बाईंनी आधी मामांची ती डौलदार वेणी उसवली. मामांच्या घशातून आवाज आला, पण तोंड बंद होतं, म्हणून तो धरला नाही. मग बाई विणायला लागल्या. त्यांची बोटं आता म्हातारी झाली होती. पूर्वी विणता येत नव्हतं, आता ते आणखीच येत नव्हतं. लोकर एकदा ताणली जात होती, एकदा सैल पडत होती. एक टाका दोनदा घेतला गेला. एक घेतलाच गेला नाही. बाई मधेच थांबून म्हणत, “इथे ना, तेव्हा दूध उतू गेलं होतं,” आणि पुढे जात. मामांची मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, जणू बघायची दिशा बदलली तर टाका नीट दिसेल. गुंडीची नजर बापाच्या ओठांवर खिळली होती, चष्म्याचा नंबर काढताना ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते तशी.

मग एक टाका सुईवरून निसटला.

बाईंच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. त्या विणत राहिल्या. टाका एक पायरी खाली उतरला. मग आणखी एक. शिडी पडायला लागली. मला विणकामातलं काही कळत नाही, पण मलाही दिसलं की आता हा स्वेटर कमरेपर्यंत निघणार. मामांचे हात मांडीखालून बाहेर आले. ओठ उघडले.

आणि मामा उठले. वाकून, माझ्या खांद्याचा आधार घेत, स्वतःच्याच जिन्याला कपाळ आपटून ते दुकानाबाहेर पडले आणि रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसले.

“कुठे गेले?” बाईंनी विचारलं.

“बाहेर,” गुंडी म्हणाली. “बाबा, काय झालं?”

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. बोलले तेही रस्त्याशीच बोलल्यासारखे. “इथून दिसत नाही,” ते म्हणाले. “त्यांना म्हणावं, सावकाश चालू दे.”

बाईंनी विणणं थांबवलं नाही, पण त्यांचे ओठ किंचित हलले. त्यांनी अंबाड्यातला एक आकडा काढला, निसटलेला टाका त्यात अडकवला आणि पिशवीतलं हिरव्या दोऱ्याचं रीळ काढलं. आत त्या दोऱ्याशी झगडत होत्या आणि बाहेर त्यांचा होणारा व्याही पायरीवर पाठ करून बसला होता. येणारे-जाणारे बघत होते. बारीकराव दुकानाबाहेर बसलेले ह्या रस्त्याने कधी पाहिले नव्हते.

एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. हातात मोजे. “दुकान बंद आहे का?” त्याने विचारलं.

“बंद आहे.”

“पण आत कुणीतरी विणतंय की.” त्याने मान आत घातली. “अरे बापरे. हे काय चाललंय? हिरवा दोरा?”

मामांनी तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात काय काय होतं ते मला दिसत होतं. बाईंच्या बोटांबद्दल, हिरव्याबद्दल, गिऱ्हाइकाच्या मोज्यांबद्दल, एकूण मनुष्यजातीबद्दल. दारात गुंडी उभी होती. आतलं विणणं थांबलं होतं, बाईही ऐकत होत्या. मामांनी ते सगळं गिळलं. इतका मोठा घास मी कुणाला गिळताना पाहिला नाही.

“माझ्या विहीणबाई आहेत,” मामा म्हणाले. “स्वेटर विणतायत.”

“मग माझे मोजे?”

“उद्या या. आणि मोजे धुऊन आणा.”

आतून बाईंचा ठसठशीत आवाज आला, “अहो व्याही, आत या आता. तारीख काढायची की नाही?”

“तुमचं झालं का आधी ते सांगा,” मामा पायरीवरूनच म्हणाले. “झाल्याशिवाय मी येत नाही.”